सुजाताच्या बाहुलीची पॅन्ट

सुजाता साळवे माणूस बघायची तो गुडघ्यापासून. चेहरा तिच्या हिशेबी सगळ्यात शेवटी यायचा, आणि कधी कधी यायचाही नाही. उल्हासनगर स्टेशनवरून कॅम्प तीनला जाणाऱ्या शेअर रिक्षात आम्ही दोघी रोज बरोबर बसायचो. शेजारी जीन्सवाला माणूस आला की ही पर्स छातीशी धरून मान खाली घालायची. बघणाऱ्याला वाटावं, काय सोज्वळ मुलगी आहे. प्रत्यक्षात ती त्या माणसाची पॅन्ट मांडीवर कुठे कुठे फिकी पडली आहे ते पाठ करत असायची. एकदा तर तिने एका काकांना सरळ सांगितलं, काका, जरा पाय लांब करा आणि परत दुमडा. काकांना वाटलं, ही हाडांच्या दवाखान्यातली. त्यांनी कॅम्प तीन येईपर्यंत आपल्या गुडघेदुखीची सगळी कथा ऐकवली आणि उतरताना कुठलं तेल लावू म्हणून विचारलं. तिने तेल सांगितलंही.

काका परवडले, पण वडापावच्या गाडीवरचा तो पोरगा नाही परवडला. त्याच्या मागच्या खिशावरचे टाके बघायला ही वाकली, आणि त्याला वाटलं पाकीट मारतेय. माणसं जमली. मी तोंडातला घास गिळून सगळ्यांना समजावत होते की ही माझ्याबरोबर काम करते, चांगल्या घरची आहे, आणि ही मात्र मागून विचारते की दादा, हा दुहेरी टाका कोणत्या कारखान्यातला? आज मी तिच्याविषयी लिहायला बसले आहे खरी, पण प्रेमाचे शब्द आधी येतील अशी कुणी अपेक्षा करू नये. त्या मुलीने माझ्या नाकी नऊ आणले होते.

हा सगळा उद्योग कशासाठी, तर कॉम्प्युटरमधल्या एका बाहुलीला पॅन्ट घालण्यासाठी.

आमचं दुकान कॅम्प तीनमध्ये एका कापडवाल्याच्या पोटमाळ्यावर होतं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि फक्त शेठकडे वारा घालणारा पंखा. आजूबाजूच्या कारखान्यांत जीन्स शिवल्या जायच्या, त्यांची लेबलं आम्ही करायचो. कमरेमागचं चामडी लेबल, आतलं कापडी लेबल, लटकणारा पुठ्ठ्याचा टॅग. कुणी म्हणायचं आमच्या नावाचं करा, पण असे थोडे. बहुतेक जण पिशवीतून एखादं परदेशी लेबल काढून टेबलावर ठेवायचे आणि गप्प बसायचे. त्यांना काय हवंय ते सांगावं लागत नसे.

मी अंबरनाथहून तिथे नवी नवी कामाला लागले, तेव्हा सुजाता आधीपासून होती. ती बदलापूरची, बेलवलीतली. शेठनी मला तिच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, इससे सीखो. तिने माझ्याकडे बघितलं ते माझ्या सलवारच्या मोहोरीकडे, आणि म्हणाली, "उसवलीय. डाव्या पायाची." ही आमची ओळख.

नक्कल करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. अक्षराची जाडी, लेबलावरच्या घोड्याच्या शेपटीचा बाक, चामड्यावर उमटलेल्या शिक्क्याची झिजलेली कड, सगळं जसंच्या तसं. शेठ गिऱ्हाइकाला दोन्ही लेबलं दाखवून यातलं आपलं कोणतं ते ओळखायला सांगायचे आणि गिऱ्हाईक चुकलं की खूश व्हायचे. लेबल छापायची फिल्म निघाली की मूळ फाईल पुसून टाकायची, हा दुकानाचा पहिला नियम होता. कधी धाड पडलीच, तर कॉम्प्युटरमध्ये लग्नपत्रिका आणि शाळांचे बिल्लेच सापडले पाहिजेत. "काम गया, फाईल गया," असं शेठ जिना उतरता उतरताही म्हणायचे. सुजाता फाईल पुसायची ती आपण जेवून हात धुतो तशी. नुसती पुसून थांबायची नाही, कॉम्प्युटरची कचऱ्याची टोपलीही लगेच रिकामी करायची. मी आळस करायचे, तर माझी टोपलीही तीच रिकामी करायची.

त्या गेमची सीडी तिच्या भावाने कुठून तरी आणली होती. त्यात मारामारी नव्हती, गाड्या नव्हत्या. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, आणि ती माणसं जेवतात, झोपतात, नोकरीला जातात, एकमेकांशी अबोला धरतात ते बघत बसायचं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हटलं, याला कॉम्प्युटर कशाला, आमच्या चाळीत खिडकी उघडली की झालं. भाऊ थोडे दिवस खेळून कंटाळला. सुजाता तर खेळलीच नाही. तिला त्या घरातली एक बाई दिसली. बाईच्या शर्टाच्या पुढच्या रेघा आणि मागच्या रेघा बगलेखाली एकमेकींना जुळत नव्हत्या. बाई स्वयंपाक करत होती, तिच्या चुलीला आग लागली होती, भाऊ ओरडत होता, आणि ही म्हणाली, याची बाजू बघ, कुणी शिवलाय हा?

कुणीच शिवलेला नव्हता. त्या गेममध्ये कपडा म्हणजे एक सपाट चित्र असतं, त्याला टेक्स्चर म्हणतात. एकाच चौकोनात पुढची बाजू, मागची बाजू, बाह्या, पाय, सगळं पसरलेलं असतं, आणि गेम ते चित्र बाहुलीच्या अंगावर गुंडाळतो. कापड फुगत नाही, चुरगळत नाही. घडी, सावली, खिसा, काज, टाका, जे दिसायला हवं ते रंगवावं लागतं. परदेशात हौशी माणसं असे नवे नवे कपडे रंगवतात, इंटरनेटवर मांडतात आणि बाकीचे ते फुकट उतरवून आपापल्या बाहुल्यांना घालतात. हे कळल्यावर सुजाताला दुसरं काही सुचेना.

आधी तिने साडी केली. आईची, विहारात जायची पांढरी. निळ्या काठाची ती साडी तिने इतकी सुंदर रंगवली की मीही दोन मिनिटं बघत राहिले. बाई उभी होती तोवर साडी साडी होती. मग बाई सोफ्यावर बसली आणि निऱ्या अर्ध्या या पायावर, अर्ध्या त्या पायावर अशा वाटल्या गेल्या. पदर खांद्याला चिकटलेला, वारा आला काय, न आला काय. दोन दिवस सुजाताने त्या बाईला नुसतं उठवलं नि बसवलं. तिसऱ्या दिवशी डबा उघडताना म्हणाली, "साडीला हवा लागते. जीन्सला माणूस पुरतो." आणि ती जीन्सकडे वळली. रिक्षातल्या पुरुषांच्या गुडघ्यांवर संकट आलं ते तेव्हापासून.

माझी जेवणाची सुट्टी त्यात गेली. घरून ती पेन ड्राइव्हवर चित्रं आणायची आणि मला सांगायची, सांग यात काय चुकलंय. मला काहीच चुकलेलं दिसायचं नाही. मी म्हणायचे, चालेल. हा शब्द तिच्यापुढे काढायची सोय नव्हती. "चालेल म्हणजे कुणाला चालेल? नाव सांग त्याचं," ती म्हणायची. मी म्हणायचे, अगं, बाहुलीच्या पॅन्टच्या आतल्या बाजूला कोण बघणार आहे? तर म्हणायची, "दिसत नाही म्हणून नसतं का?" असल्या प्रश्नाला पोळी हातात धरून कुणी काय उत्तर द्यावं? लोडशेडिंगमध्ये लाईट जायची तेव्हा मला मनापासून बरं वाटायचं.

एका रविवारी तिने मला बेलवलीला जेवायला बोलावलं. मी बिचारी नवा ड्रेस घालून गेले. जेवण झालं तिच्या आईबरोबर आणि वडलांबरोबर. सुजाता ताट घेऊन कॉम्प्युटरसमोर, बाहुलीला गोल गोल फिरवत बसलेली. तिची आई मला सुक्या बोंबलाची चटणी वाढता वाढता म्हणाली, "माझ्या ब्लाऊजला हूक लावायला हिला महिना झाला सवड नाही, आणि त्या भवानीच्या पॅन्टीला काजं करतेय." भवानी म्हणजे बाहुली. वडील हसले. साळवेकाका आनंदनगरच्या एमआयडीसीत एका रसायनाच्या कारखान्यात होते. अबोल माणूस. लेक काय करते ते त्यांना नीटसं कळत नव्हतं, पण मन लावून करते एवढं कळत होतं, आणि तेवढ्यावर ते समाधानी होते.

त्याच दिवशी तिने ती पॅन्ट हेरली. कॅम्पातल्या रिजेक्ट मालातून तिनेच कधी तरी वडलांना एक जीन्स आणून दिली होती. काका ती कारखान्यात घालायचे. दोरीवर वाळत असलेली ती पॅन्ट सुजाताने काढून घेतली आणि मला जमिनीवर पसरून दाखवली. डावा गुडघा उजव्यापेक्षा पुष्कळ फिका, कारण व्हॉल्व्ह तपासायला काका डाव्या गुडघ्यावर बसायचे. उजव्या खिशाच्या तोंडाशी किल्ल्या घासून घासून आलेला काळपटपणा. मांडीवर कसले तरी शिंतोडे उडून पडलेले पांढरे ठिपके. ती म्हणाली, "कारखान्यात जुनी करून विकतात ती पॅन्ट सगळीकडून सारखी जुनी होते. ही बाबांसारखी जुनी झालीय." हे ऐकून मला क्षणभर भरून आलं, हे कबूल केलं पाहिजे. पण पुढच्याच आठवड्यात ती ती पॅन्ट पिशवीतून दुकानात घेऊन आली, शेठ बाहेर गेल्यावर एकेक पाय करून स्कॅनरवर दाबली, आणि काचेला लागलेला डाग मला पुसावा लागला. भरून आलेलं तिथेच ओसरलं.

पॅन्ट तयार झाली. तिने ती परदेशातल्या त्या हौशी लोकांच्या साइटवर मांडली. तिथे कुणीही स्वतःचं खरं नाव लिहीत नसे, सगळे टोपणनावांनी वावरायचे. हिने लिहिलं, सुजाता साळवे, बदलापूर. मी म्हटलं, अगं, जरा झकास काही तरी लिही. ती म्हणाली, "इतकी वर्षं झकासच लिहितेय." आणि ते खरंच होतं. दिवसभर तिच्या हाताखालून इटली आणि अमेरिका जायची. तिचं नाव लागलेली ही तिची पहिली वस्तू होती. लोकांना ती पॅन्ट फार आवडली. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपल्या बाहुल्यांना ती घालून फोटो पाठवले. तिने ते प्रिंट काढून घरी नेले. साळवेकाकांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं की माझी पॅन्ट फॉरेनला गेली. लोकांनी विचारलं, मग तुम्ही उद्या काय घालून येणार? काका घरी येऊन हे सांगताना पोट धरून हसले, असं सुजाताने मला सांगितलं. वडील असे हसलेले तिने क्वचित पाहिले होते.

आणि मग एक दिवस साइटवाल्यांचं पत्र आलं. इंग्रजी पत्रं वाचून सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी वाचलं आणि माझा विश्वास बसेना म्हणून परत वाचलं. तिथल्याच कुणा टोपणनाववाल्याने ती पॅन्ट उचलून, वेगळं नाव आणि आधीची तारीख देऊन आपल्या पानावर लावली होती, आणि वर तक्रार केली होती की ही बदलापूरची बाई माझा माल चोरतेय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी संतापाने नुसती थरथरत होते. माझ्या पाठीमागे प्रिंटरमधून कुठल्याशा परदेशी कंपनीच्या नावाचे टॅग एकामागून एक बाहेर पडत होते, ते काही मला थरथरण्यापासून थांबवू शकले नाहीत. शेठनी ऐकलं तेव्हा आधी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग सुजाताचं तोंड बघून गप्प झाले आणि म्हणाले, लिखो, लिखो, जवाब लिखो.

जवाब अगदी सोपा होता. साइटवाल्यांनी दोघांनाही सांगितलं होतं, तुमची कामाची मूळ फाईल दाखवा. असं चित्र एका दमात होत नाही. एका थरावर कापड, त्यावर सावल्यांचा थर, त्यावर टाक्यांचा, डागांचा. ज्याच्याकडे ते सगळे थर सुटे असतील, त्याने ते केलंय. चोराकडे नुसतं वरचं तयार चित्र असणार. मी टाळीच वाजवली. सुजाताला म्हटलं, आण उद्या पेन ड्राइव्हवर, त्याचे दात घशात घालू.

तिने माझ्या टेबलावरचे टॅग एकावर एक रचले.

"पुसली," ती म्हणाली.

"काय पुसलीस?"

"फाईल. काम झालं, साइटवर गेलं, पुसली. टोपली पण रिकामी केली."

"अगं पण ती घरची होती. आपली होती. तिच्यावर कोण धाड घालणार होतं?"

"हाताला काय कळतं घर कुठलं नि दुकान कुठलं," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. जगात दुसऱ्या कुठल्याही गावातल्या मुलीने ती फाईल जपून ठेवली असती, मुलांच्या जावळासारखी. आमच्या पोटमाळ्यावर वाढलेल्या मुलीने ती पुसली. नकली माल करताना लागलेली सवय अस्सल मालाच्या मुळावर आली.

तरी मी हार मानली नाही. मीच बसून साइटवाल्यांना भलंमोठं पत्र लिहिलं. ती माणसं भली होती म्हणायची, कारण त्यांनी एक वाट काढली. त्यांचं म्हणणं, तुम्ही ती पॅन्ट पुन्हा पहिल्यापासून रंगवा आणि करता करता प्रत्येक पायरीचं चित्र आम्हाला पाठवा. शेवटी तीच पॅन्ट तयार झाली, तर ती तुमची. तक्रार करणाऱ्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्याने वेळ नाही म्हणून कळवलं होतं. पुढचा रविवार ही मुदत होती. मला वाटलं, जिंकलो. जी मुलगी जगातलं कुठलंही लेबल डोळे मिटून हुबेहूब उतरवते, तिला फक्त स्वतःचं एक चित्र हुबेहूब उतरवायचं होतं. समोर तयार चित्र होतंच. शेठनी तिला त्यासाठी दुपारची सुट्टीसुद्धा दिली.

शनिवारी मी मुद्दाम बेलवलीला गेले. ती पडद्यासमोर बसली होती, शेजारी काकांची पॅन्ट पसरलेली. पडद्यावर बघते तर डाव्या गुडघ्यावर ठिगळ.

मी विचारलं, हे काय? तर मधल्या काळात पॅन्ट गुडघ्यात फाटली होती आणि आईने आतून कापड लावून तिला ठिगळ दिलं होतं. मी म्हटलं, बरं, पण जुन्या चित्रात ठिगळ नाही, काढून टाक.

"पॅन्टीला आहे," सुजाता म्हणाली.

"पॅन्टीला असू दे. तुला पॅन्ट नाही करायची, चित्र करायचंय. ते पहिलं चित्र, तसंच."

तिने मान हलवली. मला वाटलं समजलं. बळेबळे ठिगळ काढलंही. मग मी खाली बघितलं. मांडीच्या आतली शिवण जुन्या चित्रात गुडघ्याजवळ थोडी सरकलेली होती, पुढची बाजू आणि मागची बाजू तिथे केसभर जुळत नव्हती. माझ्या लक्षात ते कधीच आलं नसतं, ते तिनेच मला दाखवलं. आता नव्या चित्रात तिने ती शिवण बरोबर जुळवली होती.

मी तिला हात जोडले. तिच्या आईसमोर जोडले. म्हटलं, सुजाता, ती चूक हीच तर तुझी खूण आहे. ती तशीच कर. तुला चुकीचं करता येत नाही असं थोडंच आहे? परवा त्या घोड्याच्या लेबलात मूळ कंपनीचं एक अक्षर वाकडं होतं, ते तू वाकडंच काढलंस ना?

"ते त्यांचं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याची नक्कल करीन मी, कितीही करीन. माझी मला नाही करता येणार. चुकलंय हे दिसतंय, आणि परत तसंच चुकवू?"

"एका दिवसापुरतं चुकव. तुझं नाव जातंय. काकांनी सगळ्या कारखान्यात सांगितलंय."

ती रडायला लागली. मला वाटलं, आता करेल. तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली, आणि माझ्यादेखत खिशावरची किल्ल्यांची झीज होती त्याहून सुंदर केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण तिचा अर्थ मला त्या दुपारी बेलवलीत कळला. मी चहासुद्धा न घेता निघाले. काका मला रिक्षापर्यंत सोडायला आले आणि रस्ताभर एकच म्हणाले, रागवू नको ताई, ती लहानपणापासून अशीच आहे.

साइटवाल्यांचं उत्तर फार अदबीने लिहिलेलं होतं. तुमचं काम अप्रतिम आहे, पण ही ती पॅन्ट नाही. त्या दुसऱ्याच्या पानावरची तारीख आधीची आहे, म्हणून जुनी पॅन्ट त्याच्या नावावर राहील, आणि नियमाप्रमाणे तुमचं पान आम्हाला बंद करावं लागतंय. मी ते वाचून दाखवलं, तेव्हा सुजाताने फक्त 'अप्रतिम' म्हणजे इंग्रजीत नक्की काय लिहिलंय ते विचारलं. घरी तिने वडलांना कसं सांगितलं मला माहीत नाही. नंतर एकदा काका स्टेशनवर भेटले. मी विषय काढायला धजत नव्हते, तर तेच म्हणाले, "नावाचं जाऊ दे. पॅन्ट तर माझ्याकडेच आहे." ती त्यांच्या अंगावर होती, ठिगळासकट. हसले, पण कॅन्टीनची गोष्ट सांगतानाचं ते हसू नव्हतं. मला तेव्हा सुजाताचा पुन्हा नव्याने राग आला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्यानंतर तिचा दुकानातला हात बिघडला. बिघडला म्हणजे सुधारला. कुणी लेबल आणून ठेवलं की ती त्यातली चूक काढून टाकायची. दोन अक्षरांत अंतर जास्त असेल तर कमी करायची, घोड्याचा पाय आखूड असेल तर पुरा करायची. मी दोनतीनदा तिच्या नकळत परत बिघडवून ठेवलं. पण एकदा माझी सुट्टी होती, आणि लेबलं शिवून अख्खा माल दुकानांत गेला. तिथून परत आला. गिऱ्हाइकांनी खऱ्याशी ताडून पाहिलं आणि ओळखलं.

शेठ ओरडतील म्हणून मी आधीच उभी राहिले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही लेबलं तिच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, चष्मा काढून पुसला आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"बेटा," ते म्हणाले, "तेरा वाला जादा अच्छा है. मैं क्या करूँ, बता."

सुजातानेही दोन्ही लेबलं नीट बघितली. मग शेठना म्हणाली, "दादा, अब मेरे से नहीं होगा." त्यात माफी नव्हती, रडगाणं नव्हतं, रेघ सरळ आली की नाही ते सांगावं तसं तिने सांगितलं. महिनाअखेरीस तिने काम सोडलं. शेठनी तिला जाताना मिठाईचा पुडा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, आता तू तरी काही सुधारू नकोस.

पुढे तिचं लग्न होऊन ती नाशिककडे गेली. शाळांचे गणवेश शिवणारं एक छोटं युनिट नवऱ्याबरोबर चालवते, आणि तिथल्या शिलाईवाल्या बायका तिला मनातल्या मनात काय म्हणत असतील ते मी अंबरनाथला बसून सांगू शकते. आमचं बोलणं वर्षाकाठी एखाददोनदा होतं. साळवेकाका गेले तेव्हा मी बेलवलीला गेले होते, ती गळ्यात पडून रडली आणि रडता रडता तिने माझ्या ओढणीच्या कडेचा सुटलेला दोरा दातांनी तोडला.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी मला सहज म्हणून ती साइट आठवली. उघडून बघितली तर ती अजून होती, आणि ती पॅन्टही होती, त्या चोराच्या नावावर. खाली लोकांनी केलेलं कौतुक. कुणी तरी लिहिलं होतं की ही पॅन्ट बघून मला माझ्या वडलांची आठवण होते. ते वाचून माझं डोकं भडकलं. काका आता राहिले नाहीत, त्यांचा गुडघा, त्यांच्या किल्ल्या, सगळं तिथे आहे आणि वर नाव भलत्याचं. मी तिथल्या तिथे सुजाताला फोन लावला आणि म्हटलं, आता तरी लढू, मी पत्र लिहिते, मी साक्ष देते, तू फक्त हो म्हण.

तिने मला ती पॅन्ट मोठी करून बघायला सांगितली. आतल्या बाजूने, डाव्या गुडघ्याजवळ. मी केली. तिकडून मशिनांचा आवाज येत होता. तिने विचारलं, शिवण अजून सरकलेलीच आहे का? मी म्हटलं, हो, आहे तशीच आहे, तीच तर म्हणतेय मी, तीच तुझी खूण आहे.

"मग राहू दे त्याच्याच नावावर," सुजाता म्हणाली.